कॅमेऱ्यावर राग, पण क्लिप कुणी नीट पाठवत नाही

आज पुन्हा बायकर मंडळींत तोच वाद: स्पीड कॅमेरे म्हणजे वसुली. अर्धं खरं, कारण उतारावर झाडाआड उभं केलेलं यंत्र सुरक्षेपेक्षा पावत्याच जास्त देतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ वाचा की! कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक हवा, यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण केलेलं हवं, चलनाची सूचना १५ दिवसांत यायला हवी. चलन आलं की फोटोतली नंबर प्लेट, जागा, वेळ आणि नोंदलेला वेग आधी तपासा. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. नुसतं शिव्या देऊन चलन रद्द होत नाही. आणि प्लेट वाकवणारे शहाणे? त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

उलट, कट मारणाऱ्या गाडीची तक्रार करायची तर आपल्या गाडीवरच्या किंवा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची क्लिपच पुरावा म्हणून टिकत नाही. कारणं ठरलेली: कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं, रात्री हेडलाइटच्या झोतात पुसलेला नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून पाठवलेला व्हिडिओ. मूळ फाइल मेमरी कार्डवरून कॉपी करून जपा, संगीत-कापाकापी नको. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. घटनेच्या आधीचे दहा-पंधरा सेकंदही ठेवा, नाहीतर तुम्हीच डिवचलंत म्हणतील. नंबर, दिशा, जवळचा किलोमीटरचा दगड लिहा. जीवावर बेतत असेल तर बाजूला थांबून थेट ११२. चालत्या गाडीवर मोबाइल हातात धरलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) तुम्हालाच लागतं.