कढीपत्त्याचं पान कुरतडलेलं दिसलं तर आधी अळी शोधा

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत कुणाच्याही कढीपत्त्यावर अळी दिसली की मला फोन येतो, कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की फवारू नका, मारू नका, फांदीसकट मला आणून द्या. कढीपत्ता आणि लिंबावर बहुतेकदा कॉमन मॉर्मन नाहीतर लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांच्या अळ्या असतात. लहान असताना त्या अगदी पक्ष्याची शीट पडल्यासारख्या दिसतात, काळपट, मध्ये पांढरा डाग आणि वर ओलसर चकाकी, म्हणजे पक्षी बघूनही सोडून देतो, आणि मग एक कात टाकली की एकदम हिरव्यागार. बोटाने हळूच टोकलं तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढतात आणि असा उग्र आंबूस वास सोडतात ना! आमच्या सोसायटीतल्या पोरांचा हा सगळ्यात आवडता प्रयोग आहे, पण एका अळीला एकदाच, हा नियम.

फुलपाखरांची बाग म्हटलं की लोक पेंटास, घाणेरी, झेंडू आणतात. आणा, फुलं हवीतच. पण फुलावर येणारं फुलपाखरू पाहुण्यासारखं असतं, चहा घेऊन निघून जाणार. त्याने आपल्याकडे संसार थाटावा असं वाटत असेल तर अळीला खायला तिचं ठरलेलं झाड पाहिजे. रुई किंवा हळदीकुंकू लावलं तर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, एरंडावर कॉमन कॅस्टर, जागा असेल तर बहावा. मादी अंडं घालण्याआधी पानावर पुढचे पाय भराभर आपटते, ते बघण्यासारखं असतं, पायांनीच ती पानाची चव घेते आणि पटलं तरच पोट वाकवून एक अंडं चिकटवते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, नीलवंत म्हणतात ते (२०१५ साली महाराष्ट्राने निवडलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य), तेसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. ठाण्यात राहून घोडबंदर रोडची ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग पाहिली नसेल तर जरूर जा, ही झाडं एकत्र बघायला मिळतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नर्सरीतून आणलेल्या रोपावर लगेच अळी सोडू नका. रोपावर औषध मारलेलं असतं, ते पानात मुरतं आणि अळ्या काळ्या पडून मरतात. नवी पालवी येईपर्यंत थांबा, पावसात चांगलं धुऊन निघू दे.

आणि सगळ्याच कोषांतून फुलपाखरू निघत नाही हेही मनाची तयारी करून बघायचं. कधीकधी कोषाला एक बारीक भोक पडतं आणि त्यातून इवल्या इवल्या गांधीलमाश्या बाहेर येतात, त्यांच्या आईने आत अंडी घातलेली असतात. मला पहिल्यांदा फार वाईट वाटलं होतं, पण त्यांचाही जन्म त्याच बागेतला आहे, त्या नसत्या तर कढीपत्त्याला पान उरलं नसतं, त्यामुळे मी त्यांनाही हात लावत नाही.

पण माझा खरा जीव पतंगांवर! भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण तेराशे असतील आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर, तरी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तगरीच्या कुंडीखाली फरशीवर मिरीएवढ्या काळ्या-हिरव्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, वर ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी जेवतेय. बोटाएवढी जाड, हिरवी, शेपटीला छोटं शिंग, आणि छेडलं की डोकं आत ओढून घेते तेव्हा पाठीवरचे दोन निळे डोळे टक्क वटारतात, खोटे असतात पण दचकायला होतंच. पोट भरलं की ती तपकिरी होते, झाडावरून खाली उतरते आणि वाळक्या पानांत शिरून कोष करते. म्हणून कुंड्यांखालचा पालापाचोळा मी झाडू देत नाही, आमच्या मावशींनाही आता पाठ झालंय.

संध्याकाळी मधुमालती फुलते तेव्हा फुलं पांढरी असतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल. ती पहिल्या रात्रीची पांढरी फुलं लांब सोंडेच्या पतंगांसाठी, हवेत तरंगत एकेका फुलात सोंड घालत फिरतात ते. पपईलाही हेच कामाला येतात, निशिगंधालाही. रात्रीचं परागीभवन आपण झोपलेलो असताना चालतं, म्हणून पांढरी सुवासिक फुलं बागेत हवीतच.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, आपल्याकडे ऐन पावसात, पतंग भरपूर. मी गच्चीत पांढरी चादर टांगून यूव्ही बल्ब लावते आणि येतील त्यांचे फोटो काढते. पण फार वेळ नाही. २०२४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की पतंग दिव्याकडे ओढले जात नाहीत, ते उजेडाकडे पाठ करून उडतात, उजळ आकाश कायम वर असतं ना, त्याच हिशोबाने, आणि मग दिव्याभोवतीच अडकून गरगरत राहतात. त्यामुळे तासाभरात बल्ब बंद करते आणि चादरीवरचे पतंग कागदावर घेऊन झुडपांत सोडते, नाहीतर पहाटे दयाळ आणि बुलबुल येऊन एकेक टिपतात.