माझा स्टॅम्प अल्बम आणि त्यातलं पुणं

पोस्टाची तिकिटं जमवतो म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, किती झाली? मला हा प्रश्न अजिबात आवडत नाही, कारण आकड्यावरून काहीच कळत नाही, विषय कुठला घेतलाय ते विचारा ना. कुणी रेल्वे घेतं, कुणी पक्षी, कुणी गांधीजी (त्यांच्यावर बाहेरच्या देशांनीही इतकी तिकिटं काढलीत की जन्म पुरणार नाही), कुणी नुसती वेगळ्या धाटणीची तिकिटं शोधतं, जसं २००६ साली आलेलं चंदनाच्या वासाचं. माझा विषय पुणं. पुण्यात राहून, वेळ पडली तर पुण्याशी भांडून, ज्यांनी काहीतरी उभं केलं ती माणसं.

त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे महर्षी कर्व्यांचं, १८ एप्रिल १९५८ चं. साधं एकरंगी तिकीट, किंमत १५ नये पैसे, पण गंमत बघा, माणूस गेल्यावर तिकीट निघतं ही आपल्याकडची रीत, आणि इथे अण्णा, म्हणजे कर्वेच, त्या दिवशी शंभर वर्षांचे झाले होते आणि चक्क हयात होते! त्याच वर्षी भारतरत्न मिळालं, आणि १९६२ पर्यंत ते होते. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने ज्यांना वाळीत टाकलं, ज्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडीत आश्रम चालवला, त्यांचाच चेहरा देशभरच्या पत्रांवर चिकटून फिरला आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत फिरला. हे तिकीट हातात घेतलं की मला दर वेळी भरून येतं.

शेजारी टिळकांचं १९५६ चं आहे, त्याची किंमत दोन आणे. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन दशमान नाणी (रुपयाचे शंभर पैसे) आली म्हणून अण्णांच्या तिकिटावर नये पैसे, आणि १९६६ च्या गोखल्यांच्या तिकिटापर्यंत 'नये' गळून नुसते पैसे उरले. शाळेत हे असं कुणी शिकवलं असतं तर आयुष्यभर विसरलो नसतो.

पण अल्बम नीट लावायला घेतला तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली. रमाबाई रानड्यांचं तिकीट १९६२ चं, महात्मा फुल्यांचं १९७७ चं, पंडिता रमाबाईंचं १९८९ चं आणि सावित्रीबाईंचं थेट १९९८ चं. म्हणजे १८४८ साली भिडेवाड्यात शाळा दोघांनी मिळून उभी केली आणि तिकिटात मात्र सावित्रीबाई जोतीरावांच्या मागे २१ वर्षं! कुणावर तिकीट निघतं याच्याइतकंच ते कधी निघतं हेही बघायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय, त्या त्या काळी देशाला कोण मोठं वाटत होतं ते तिथे दिसतं. मी त्या दोघांना एकाच पानावर शेजारी शेजारी लावलंय, सालाच्या क्रमाने लावणारे मित्र नाक मुरडतात, मुरडू देत.

नवीन तिकिटं कॅम्पाजवळच्या जीपीओतल्या (मोठ्या पोस्टातल्या) फिलाटेली ब्युरोत, म्हणजे तिकीट जमवणाऱ्यांच्या खिडकीवर, छापील किमतीला मिळतात, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट) आणि माहितीचं ब्रोशरपण तिथेच, आणि ब्रोशर घ्याच. जुन्यासाठी जुना बाजार आणि ओळखीचे रद्दीवाले. सुटी पाकिटं मिळाली की लोक घाईने तिकीट पाण्यात टाकतात, खरं तर पद्धत सोपी आहे, पाकिटाचा तुकडा कापून साध्या पाण्यात ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट आपोआप सरकतं, मग चिमट्याने उचलून टिपकागदावर पालथं घालायचं आणि वाळलं की जाड पुस्तकात दाबून ठेवायचं. पण पाकीट जुनं असेल आणि शिक्का स्पष्ट असेल तर कृपा करून भिजवू नका. कुठल्या पोस्टातून, कुठल्या तारखेला निघालं, कुठे पोचलं, हे सगळं त्या शिक्क्यात असतं, आणि तिकीट सोडवलं की उरतो तो काळ्या शाईचा अर्धवट तुकडा.

सध्या मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. रमाबाई रानड्यांचं तिकीट लावलेलं, १९६२ चा पुण्याचा शिक्का असलेलं अख्खं पाकीट. सुटं तिकीट सहज मिळतं, माझ्याकडेही आहे, पण ज्या शहरात त्यांनी सेवासदन ही बायकांसाठीची संस्था चालवली तिथून टाकलेलं पत्र हवंय. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या जुन्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत आजीच्या पत्रांचे गठ्ठे असतातच, वाडे पाडायला निघालेत तसे ते रद्दीत चाललेत. तुमच्या घरी असा गठ्ठा असेल तर एकदा चाळून बघा आणि १५ नये पैशांच्या रमाबाई दिसल्या तर कात्री न लावता पाकीट तसंच ठेवून मला कळवा, मी येऊन बघून जाईन, द्यायचं नसेल तर नुसता फोटो काढेन.