एकाच सालची दोन पेनी नाणी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्याकडे १९०२ सालची दोन आणि १९२६ सालची दोन ब्रिटिश पेनी शेजारी शेजारी ठेवलेली पाहून, तेच तेच नाणे दोनदा घेण्यात काय हशील, असे बहुतेकजण विचारतात. उत्तर एवढेच की ती तीच नाणी नाहीत. १९०२च्या नेहमीच्या पेनीवर बसलेल्या ब्रिटानियामागची (ब्रिटानिया म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री-आकृती) समुद्राची क्षितिजरेषा तिच्या पायांवर पाय आलेल्या जागेच्या उंचीवर असते. दुसऱ्या, कमी सापडणाऱ्या साच्यात ती झग्याच्या काठापर्यंत खाली उतरते, म्हणून संग्राहक त्या पेनीला ‘लो टाइड’, म्हणजे ओहोटी, म्हणतात.

१९२६ची गोष्ट अधिक रंजक आहे. राजा पाचव्या जॉर्जचा मुखवटा, म्हणजे नाण्यावरची त्याच्या डोक्याची आकृती, इतका उठावदार होता की ठसा मारताना धातू त्या बाजूला ओढला जाई आणि मागे ब्रिटानियाच्या अंगावर राजाच्या डोक्याची पुसट आकृती उमटे. या दोषावर उपाय म्हणून टांकसाळीने १९२६मध्ये मुखवटा बदलला. जुन्या मुखवट्यावर मानेच्या कडेला शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांची ‘बी. एम.’ ही आद्याक्षरे टिंबांसह आहेत. नव्यावर टिंबे नाहीत आणि अक्षरे जरा उजवीकडे सरकली आहेत. भिंग लावल्याशिवाय हे कळत नाही, आणि किमतीतला मोठा फरक मात्र याच दोन टिंबांवर ठरतो.

दर्जा ठरवतानाही हाच दोष आडवा येतो. ब्रिटानियाचा चेहरा सपाट दिसला की नवखा माणूस नाणे झिजले असे समजतो; पण कमकुवत ठशामुळे टांकसाळीतूनच तसे बाहेर पडलेले नाणेही असू शकते. म्हणून मी आधी नाणे उलटून राजाच्या कानावरचे केस आणि भुवई पाहतो, आणि मग ते दिव्याखाली तिरपे धरतो. खरी झीज उंचवट्यांवरची मूळ चकाकी पुसून टाकते. ठसा कच्चा असेल तर चेहरा सपाट असूनही चकाकी टिकलेली असते. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये, कारण १९४४ ते १९४६ची पेनी नाणी टांकसाळीनेच रसायनाने काळपट केली होती.

आणि कृपा करून चिंच लावू नका. देवघरातल्या तांब्याला ती शोभते. घासून लखलखीत केलेली १९२६ची सुधारित पेनी मी अर्ध्या किमतीतही घेणार नाही.