पुईखडीच्या चढावर पौल

आषाढी एकादशीला मिरजकर तिकटीवरून नंदवाळच्या विठोबाला दिंडी जाते, हे कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण आमच्या घरातलं कुणी त्या वाटेला गेल्याचं आठवत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट. 1852 मध्ये वायल्डर साहेब हे अमेरिकन मिशनरी इथं आले, त्यांनी मिशन सुरू केलं, त्यातून इथली मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली. पायी यात्रा आमच्या वळणातच नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला कॅथलिक लोक जातात, एवढंच ऐकून.

यंदा मी गेले, ते शेजारच्या आक्कांमुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आक्का आमच्या माडीवर राहायला आल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं मला सांगणं म्हणजे हुकूमच. "डॉक्टरनी चालायला सांगितलंय न्हवं? मग चल की. बसून बसून गुडघं आखडल्यात तुझं."

मला आमवात आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळीनं दुसरा दिवस मळमळीत जातो. या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचतं ते भेटायला येणाऱ्यांचं सांत्वन. "ताई, ही दुःखं थोड्या काळाची, पुढं गौरव आहे." वाक्य शास्त्रातलंच. पण सांगणाऱ्याची बोटं सुजलेली नसतात.

रंकाळा मागे पडला, साने गुरुजी वसाहत आली, पाऊस आला नि गेला. टाळांच्या ठेक्यावर पाय आपोआप पडत होते, तोवर बरं होतं. चढ लागला आणि माझा वेग गेला. आक्कांच्या शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. अभंगाची ओळ संपली की "आई गं" म्हणायच्या आणि पुढची ओळ बरोबर उचलायच्या. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कुणाला वाटलं नाही. आमच्या मंडळीत कण्हणाऱ्याकडं जरा संशयानंच बघतात, हे मला तिथं लख्ख दिसलं.

खरं तर बायबलमधल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय कण्हण्यानंच भरलेला आहे. सगळी सृष्टी प्रसूतीच्या कळा देत कण्हते, आपण कण्हतो, आणि आपल्याला प्रार्थना सुचत नाही तेव्हा देवाचा आत्माही कण्हतो. पुढच्या गौरवापुढं आताची दुःखं काहीच नाहीत, हे पौलानं याच अध्यायात लिहिलंय. लिहिणाऱ्या माणसानं पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले होते, तीनदा त्याचं गलबत फुटलं, एक रात्र नि एक दिवस तो समुद्रात होता. हा हिशेब त्यानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच दिलाय. त्यानं सांगितलं तर मी ऐकते. त्याच्या तोंडी ते वाक्य सांत्वन म्हणून येत नाही, दोन्हीकडची वजनं हातात घेऊन तोलल्यासारखं येतं.

पुईखडीला रिंगण झालं. घोडा धावला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. मी कडेला एका दगडावर बसले. आक्का राजगिऱ्याचा लाडू घेऊन आल्या. "तुमच्यात असं चालत जात्यात का कुटं?"

मी सांगितलं, यहुदी लोक सणाला यरुशलेमला चढून जायचे, त्या वाटेवरची म्हणून पंधरा स्तोत्रं सांगतात, 120 ते 134. "म्हंजे अभंगच की," आक्का म्हणाल्या. मग मी पौलाची आशा सांगितली, की शेवटी शरीराचीही मुक्ती होईल.

"मुक्ती कशाला?" त्या फटकन म्हणाल्या. "आमच्या तुकोबांनी मागितलीच नाही. परत जन्माला घाल, पण संतांची संगत दे, म्हणले."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. आक्कांना ही वाट पुन्हा पुन्हा हवी आहे आणि मला ती कुठंतरी पोचलेली हवी आहे. हा फरक खरा आहे आणि गोड बोलून तो मिटवावा असं मला वाटत नाही. नंदवाळला त्या दर्शनाच्या रांगेत गेल्या, मी बाहेर बसले. दोघींनाही त्यात अवघड वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला उत्तर सापडलं. म्हटलं, "आक्का, मला या शरीरातनं सुटायचं नाही. हेच शरीर नीट झालेलं पाहिजे. येशू उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमा या शिष्याला त्यानं दाखवले. दुखणं गेलं, खूण राहिली. माझी बोटंही तशीच असतील, असं माझं आपलं मन म्हणतं."

"आणि काय करशील त्या बोटांनी?"

"भाकरी थापीन." तीन वर्षं झाली, पीठ मळायलाही हात चालत नाही.

"वर गेल्यावर जेवण असतंय व्हय?"

"उठल्यावर त्यानं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, लिहिलेलंच आहे."

आक्कांनी इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल की बाई. आज एकादशी हाय, समद्या बसला ऐकू जातंय."