आम्ही ज्याला ‘किंवा’ समजत होतो

इंटर्नल ऑडिटमधे आहे मी, बरीच वर्षं झाली, पण हा एक दिवस अजून जसाच्या तसा आठवतो म्हणून लिहून ठेवतोय.

एका कंपनीत (नाव नको) काही व्हेंडरना एकाच मालाचे पैसे दोनदा गेले होते. आणि हे कंपनीला कळलंच नव्हतं, एका व्हेंडरने स्वतःहून मेल करून सांगितलं की तुमच्याकडून जास्तीचं पेमेंट आलंय. आम्ही पोचायच्या आधीच वरच्या लोकांनी मनाशी ठरवून टाकलेलं की अकाउंट्समधल्या मॅडमची चूक, दोनदा एन्ट्री मारली असणार, शेवटी पेमेंट रिलीज त्याच करतात ना. पहिले दोन दिवस मी पण त्यांच्याच कामात चूक शोधत बसलो, ड्राफ्ट रिपोर्टमधे तसं एक वाक्य लिहूनही ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लिखित पद्धत, बाजूला ठेवली. ३८ पानं, नीट लिहिलेली, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि इन्व्हॉइस (व्हेंडरचं बिल) तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट नाही हे ठळक अक्षरात. वाचताना कुठे फट सापडत नाही, कारण लिहिलेलं एकामागून एक येतं, दोन कामं एकाच वेळी दोन टेबलांवर चालू असतील तर ते पानावर जाणवत नाही. चित्रात जाणवतं. म्हणून भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि आडव्या चार पट्ट्या आखल्या, बीपीएमएन या प्रोसेसची चित्रं काढायच्या ठरलेल्या चिन्हपद्धतीत ज्यांना लेन म्हणतात त्या. खरेदी, स्टोअर्स, अकाउंट्स आणि अप्रूव्हल देणारे मॅनेजर. व्हेंडर बाहेरचा म्हणून त्याची चौकट (तिला ‘पूल’ म्हणतात) वेगळी, त्याच्याकडून येणारं सगळं तुटक बाणाने.

मग एकेका विभागाला बोलावलं. इथे एक गोष्ट मी नेहमी पाळतो, ‘तुमची प्रोसेस काय’ असं विचारायचं नाही, कारण मग समोरचा एसओपीच म्हणून दाखवतो. खरं झालेलं एक बिल समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे तुमच्या हातात कसं आलं, तुम्ही काय केलंत, पुढे कोणाला दिलंत. आणि प्रत्येक पायरीला, ‘हे आलं नसतं तर?’ या शेवटच्या प्रश्नावरच बहुतेक वेळा नवीन बाण निघतो.

स्टोअर्सच्या सुपरवायझरना मी विचारलं, ‘माल आलाय पण इन्व्हॉइस नाही आलं तर?’ ते सहज म्हणाले, ‘नॉर्मल असेल तर थांबतो. पीओवर अर्जंट असेल तर डिलिव्हरी चलानवरून आम्हीच पेमेंट रिक्वेस्ट टाकतो, नाहीतर व्हेंडर पुढचा माल सोडत नाही.’ एसओपीत हे कुठेच नव्हतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं बरं का, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मी तिथे एक समभुज चौकोन काढला, आत फुली. म्हणजे एकच वाट निवडायची, अर्जंट किंवा नॉर्मल. सगळ्यांनी मान डोलावली. चित्र पूर्ण दिसत होतं आणि तरी दोनदा पैसे कुठून जातात ते दिसेना.

दुपारी मॅडमना बोलावलं. त्या आधीच खचलेल्या होत्या, कागदासमोर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, ‘सर, मी जे येतं ते तपासूनच सोडते.’ मी खोडरबराचा एक तुकडा घेतला आणि म्हटलं, हे एक अर्जंट बिल समजा, आपण दोघं मिळून पुढे सरकवू. असा तुकडा म्हणजे टोकन, ही कल्पना मुळात पेट्री नेट या प्रोसेस मांडायच्या गणिती पद्धतीतली, कार्ल ॲडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेली, आणि ऑडिटसाठी मला तरी याहून उपयोगी काही सापडलेलं नाही, कारण नुसता बाण बघून माणूस हो म्हणतो पण तुकडा हातात असला की थांबून विचार करतो. तुकडा फुलीपाशी आला, मी तो अर्जंटच्या वाटेने नेला, स्टोअर्स, रिक्वेस्ट, मॅनेजर, पेमेंट. मॅडम म्हणाल्या, ‘पण व्हेंडरचं इन्व्हॉइस तर आठवड्याने येतंच की माझ्याकडे. त्याचं काय?’

मी दुसरा तुकडा घेतला. तो नॉर्मल वाटेने निघाला, पीओ जुळला, जीआरएन जुळला, इन्व्हॉइस जुळलं, सगळं नियमाने, आणि तोही पेमेंटला पोचला. खोलीत कोणीच काही बोललं नाही. मी चौकोनातली फुली खोडून अधिकचं चिन्ह काढलं. आम्ही सगळे ज्याला ‘किंवा’ समजत होतो ते प्रत्यक्षात ‘आणि’ होतं, आणि दोन्ही वाटा पुढे जिथे मिळत होत्या तिथे एकाने दुसऱ्यासाठी थांबायची सोयच नव्हती, जो येईल तो पुढे जाणार.

मग बाकीचं भराभर उलगडलं. अर्जंट रिक्वेस्ट पीओवर ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याही बिलाशी न जोडता, जायची, जीआरएनला हात लागत नव्हता, म्हणून नंतर तिन्ही कागद अगदी बरोबर जुळायचे. सिस्टमची डुप्लिकेट तपासणी इन्व्हॉइस नंबरवर, आणि स्टोअर्सवाले टाकायचे चलानचा नंबर. मॅडमच्या बॅचमधे शेकडो ओळी, दोन वेगळे नंबर, मधे आठ-दहा दिवस. कोणत्या नजरेला दिसणार होतं ते?

कागदाचा फोटो वर्कफ्लोच्या डेव्हलपरला पाठवला. तो दुसऱ्या शहरात, आमची कधी भेट नाही, तरी पाच मिनिटांत त्याचा फोन आला की दोन्ही वाटा मिळतात तिथे चूक आहे. बीपीएमएन २०१३ पासून आयएसओचं प्रमाण आहे त्याचा हा फायदा, फुली आणि अधिक यांचा अर्थ समजावत बसावं लागत नाही. संध्याकाळी त्याच व्हेंडरला त्याच रकमेची पण वेगळ्या नंबरची पेमेंट्स काढली, त्यातली पीओशी ताडून पाहिली, दोनदा गेलेली सगळी अर्जंटवालीच निघाली. रकमा पुढच्या बिलांतून वळत्या केल्या. आता अर्जंट रिक्वेस्ट टाकताना जीआरएनची ओळ निवडावीच लागते आणि ती तिथेच ब्लॉक होते.

ड्राफ्टमधलं ते वाक्य मी काढून टाकलं आणि मॅडमना तसं जाऊन सांगितलं. तेव्हा त्या परत त्या कागदापाशीच उभ्या होत्या, हातात पेन्सिल. स्टोअर्सच्या पट्टीत एक रिकामा चौकोन काढून म्हणाल्या, ‘सर, माल परत जातो तेव्हा काय होतं, ते अजून आपण काढलंच नाहीये.’