कॉन डॉट सीएसव्ही

‘डिस्क खराब. फॉरमॅट करावी.’ सकाळी अकराला मी तक्रारीच्या कागदावर हे लिहून सहीसुद्धा केली होती.

तक्रार घेऊन आलेल्या संशोधक मॅडम रोपांवर काम करत होत्या. चार गट, चार फायली. कमी खत, मध्यम खत, जास्त खत आणि खत अजिबात न दिलेला तुलनेचा गट. पहिल्या तीन फायली उघडत होत्या, चौथी नाही. फाइल यादीत दिसत होती, तिचा आकार दिसत होता, तारीखही बरोबर होती. पण डबल क्लिक केलं की एरर. कॉपी करा, एरर. नाव बदलायला गेलं तर म्हणे डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. कुठलं डिव्हाइस? मी तर फाइलचं नाव बदलत होतो.

“दुसरी प्रत?” मी विचारलं.

“सर्व्हरवर टाकली होती सर. पण तेव्हाही एका फाइलला असंच काहीतरी आलं, म्हणून मी स्किप केलं.”

मूळ संगणक विंडोजचा नव्हे, लिनक्सचा होता आणि तो पुसून दुसऱ्या कुणाला दिला गेला होता. म्हणजे त्या चौथ्या गटाची मोजणी जगात फक्त या एका डिस्कवर होती. तुलनेचा गट नसेल तर बाकीच्या तीन फायलींना अर्थ नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज जरा कापरा झाला होता.

मी चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधले दोष शोधणारा प्रोग्रॅम, चालवला. एकही दोष नाही. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण आमच्या धंद्यात ‘सेक्टर गेला असेल’, म्हणजे डिस्कचा एखादा तुकडा खराब झाला असेल, हे उत्तर जिभेवर तयार असतं. डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवू आणि नंतर डिस्क फॉरमॅट करू, असं मी ठरवूनही टाकलं.

पाठवण्याआधी एकदा कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडला. विंडोज १० होतं. फोल्डरमध्ये जाऊन फाइलचा मजकूर दाखवणारा ‘टाइप’ हा हुकूम आणि पुढे फाइलचं नाव दिलं, निदान पहिल्या चार ओळी तरी दिसतात का ते बघायला. काहीच आलं नाही. एररही नाही. नुसता कर्सर लुकलुकत राहिला. वैतागून मी ‘अबक’ टाइप करून एंटर मारलं, तर खाली पुन्हा ‘अबक’. अजून एक ओळ लिहिली, तीही परत आली. फाइल वाचायला सांगितली होती आणि मशीन माझंच टाइप केलेलं मला वाचून दाखवत होतं.

बोटं आपोआप कंट्रोल-झेडवर गेली. आणि मग डोक्यात उजेड पडला.

विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात एडिटर हाताशी नसला की आम्ही ‘कॉपी कॉन’ लिहायचो, मग फाइलचं नाव, मग सरळ मजकूर, आणि शेवटी, मजकूर संपला हे सांगायला, कंट्रोल-झेड. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. शेकडो वेळा हाताखालून गेलेला शब्द. तुलनेच्या गटाला इंग्रजीत कंट्रोल म्हणतात, आणि मॅडमनी त्याचं संक्षिप्त रूप म्हणून फाइलला तेच नाव दिलं होतं: कॉन डॉट सीएसव्ही. दोन तास ते माझ्यासमोर होतं आणि मी सेक्टर शोधत बसलो होतो.

ही भानगड डॉसच्याही आधीच्या सीपी/एम या प्रणालीपासूनची. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, त्यामुळे काही नावं उपकरणांसाठी राखून ठेवली तर कुणाचं बिघडत नव्हतं. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली. कॉन, प्रिंटरसाठी पीआरएन, उपकरणं जोडायच्या पोर्टांसाठी ऑक्स, कॉम १ ते ९, एलपीटी १ ते ९. आणि नल, ज्यात टाकलेलं सगळं कृष्णार्पण. पुढे डॉट सीएसव्हीसारखं शेपूट जोडलं तरी विंडोज १० पर्यंत सुटका नाही, विंडोज ११ मध्ये तेवढं सैल झालंय. गंमत म्हणजे एनटीएफएसला, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीला, स्वतःला या नावांचं वावडं नाही. अडवतो तो वरचा विंडोजचा थर. लिनक्सनं म्हणूनच ती फाइल डिस्कवर बिनदिक्कत लिहिली होती.

त्या थराला बगल द्यायची तर पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ लावायचं. मग विंडोज नावाचा अर्थ लावत बसत नाही, आहे तसं खाली पाठवतं. मी नाव बदलायचा ‘रेन’ हा हुकूम लिहिला, अवतरणचिन्हांत तो पत्ता, आणि पुढे नवं नाव कंट्रोल डॉट सीएसव्ही. एंटर. काही संदेश नाही. अशा वेळी काही न येणं हीच चांगली बातमी.

मॅडमनी फाइल उघडली. ओळी भराभर खाली सरकवत त्या शेवटापर्यंत गेल्या, मग पुन्हा वर आल्या. “सगळं आहे,” म्हणाल्या, आणि पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “म्हणजे चूक माझी होती का सर?”

“नाही हो. तुमच्या जन्माआधीच ठरलं होतं हे.”

दोन ठिकाणी प्रती करून दिल्या. मग उठून टेबलावरच्या ट्रेमधून सकाळचा तो सही केलेला कागद गुपचूप काढून घेतला.