कपडे पुरे, आता ताडपत्री द्या

आज दिवसभर कर्वेनगरच्या एका हॉलमध्ये कोकणात पाठवायचं सामान वेगळं करत होतो. संध्याकाळी टेम्पो ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे श्रीवर्धनला निघाला. जुन्या कपड्यांचा ढीग लागलाय, पण तिथे आत्ता हवंय डोक्यावर छप्पर. 3 जून 2020ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, कौलं-पत्रे उडाले आणि पाठोपाठ पावसाळा. म्हणून ताडपत्री, दोर, पत्र्याचे हूक, मेणबत्त्या आधी भरल्या.

दुपारी दिवेआगरच्या एका काकूंचा फोन लागला. “घर उभं राहील रे, पण नारळ-सुपारीच्या वाडीत पाऊल टाकवत नाही,” म्हणाल्या. पोफळी मधोमध मोडल्यात, माड मुळासकट आडवे. नवं रोप लावलं तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पंचनाम्यात झाडं मोजली जातील, पण मधली वर्षं या माणसांनी खायचं काय? आणि पडलेली खोडं हलवल्याशिवाय नवं रोप लावणार तरी कुठे! आपली मदत या महिन्यापुरती नको, पुढची काही वर्षं रोपांसाठीही हात द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

उद्या दुसरा टेम्पो आहे. जाड ताडपत्री किंवा झाडं कापायचं मशीन कुणाकडे असेल तर रात्रीच मेसेज करा, घरी येऊन घेऊन जाऊ.